रोजच्या वापरात किल्ट कसा घालावा: अवघडलेपण टाळण्यासाठी तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

स्कॉटलंडमध्ये राहणारे बरेच मराठी पुरुष पहिला किल्ट, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचा, मागे निऱ्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश पोशाख, भाड्याने घेतात, तोही मित्राच्या लग्नासाठी किंवा पदवीदान समारंभासाठी. तो अंगाला शोभतो, फोटो चांगले येतात आणि पुढे स्वतःचा किल्ट विकत घेतला जातो. मग एखाद्या शनिवारी तो घालून साध्या जेवणाला जायचे ठरते, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच वाटू लागते की आपण फार नटलो आहोत आणि सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. किल्ट कपाटात परत जातो आणि पुढच्या लग्नापर्यंत तिथेच टांगलेला राहतो.

हे वारंवार घडते, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते. भाड्याच्या संचात जे जे मिळाले होते, ते सारे लोक किल्टचा अविभाज्य भाग मानतात. त्या संचातला प्रिन्स चार्ली कोट हा संध्याकाळच्या औपचारिक समारंभाचा कोट आहे. पांढरे मोजे, घोट्याभोवती लांब नाड्या बांधायचे गिली ब्रोग बूट आणि फरचा, वर चांदीसारखी चकाकती पट्टी असलेला स्पोरन (किल्टपुढे लोंबणारी पिशवी) हेही त्याच समारंभाचे साहित्य आहे. कोट काढून वर स्वेटर चढवला, तरी कमरेखालचा सारा पोशाख लग्नाचाच राहतो आणि त्या विसंगतीमुळेच माणूस अवघडतो. किल्ट तोच ठेवून त्याच्या भोवतीचे बाकी सारे त्या दिवसाच्या कामाला साजेल असे बदलले, की ही अडचण बरीचशी सुटते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण माप चुकलेले असेल तर नंतरच्या कोणत्याही टप्प्याचा उपयोग होत नाही.

१. माप, कापड आणि टार्टन

सर्वांत जास्त चुका मापात होतात. जीन्सच्या कमरेचा आकडा दुकानदाराला सांगणे ही त्यातली पहिली. जीन्स कंबरेच्या हाडांवर बसते, तर पारंपरिक किल्ट बेंबीच्या पातळीवर किंवा त्याहून थोडा वर बांधला जातो, आणि तिथला घेर जीन्सच्या आकड्यापेक्षा बहुधा काही इंचांनी जास्त भरतो. म्हणून मोजपट्टीने तीन मापे घ्यावीत: बेंबीच्या पातळीवरचा घेर, नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचा घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. पोट आत ओढून माप घेऊ नये. तसे माप दिले, की जेवणानंतर बक्कल लागत नाही आणि किल्ट खाली सरकवून घालण्याची सवय जडते. त्यामुळे खालची कड गुडघ्याखाली उतरते आणि पोशाख कोणाकडून तरी मागून आणल्यासारखा दिसतो.

पडताळणी: किल्ट बांधून जमिनीवर गुडघे टेकून ताठ उभे राहावे. खालची कड जमिनीपासून साधारण एक इंच वर राहिली, तर लांबी बरोबर आहे. कड जमिनीला टेकत असेल तर किल्ट लांब आहे किंवा खाली बांधला आहे.

कापडाची लांबी वारांत सांगतात, हे नऊवारी आणि पाचवारी माहीत असलेल्या घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पारंपरिक किल्ट आठवारी असतो, आणि साध्या वापरासाठी पाचवारीही मिळतो. पाचवारीत मागच्या निऱ्या उथळ असतात, तो हलका आणि स्वस्त पडतो आणि दिवसभर अंगावर ठेवायला सोपा जातो. कापडाचे वजन दर वारामागे औंसांत सांगतात: १० किंवा ११ औंस म्हणजे हलके, १३ मध्यम, १६ जड. एडिंबरामध्ये, विशेषतः टेकडीवर किंवा प्रिन्सेस स्ट्रीटच्या मोकळ्या बाजूला, जो वारा सुटतो त्यात हलके कापड उडते, आणि हात सतत किल्टवर दाबून चालणारा माणूस कितीही साधे कपडे घालो, अवघडलेलाच दिसतो. म्हणून बाहेर वापरायचा किल्ट लोकरीचा आणि किमान १३ औंसांचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्यटकांसाठी ठेवलेले ॲक्रिलिकचे स्वस्त किल्ट लोंबकळतात, त्यांच्या निऱ्या टिकत नाहीत, आणि त्यात आपण पाहुणे असल्याची भावना उलट वाढते.

टार्टन म्हणजे किल्टच्या कापडावरची रंगीत चौकड्यांची नक्षी, आणि अनेक टार्टन एकेका घराण्याच्या नावाने ओळखली जातात. म्हणून ‘आपल्याला हे टार्टन घालण्याचा अधिकार आहे का’ हा प्रश्न मराठी माणसाला हमखास पडतो. कोणत्याही घराण्याचे टार्टन घालायला कायद्याने बंदी नाही. फक्त बॅल्मोरल टार्टन राजघराण्यासाठी राखून ठेवण्याचा संकेत आहे आणि तो पाळावा. ज्याला घराण्याचा संबंध नको असेल त्याने ब्लॅक वॉचसारखे सर्वांना खुले समजले जाणारे टार्टन घ्यावे, किंवा आपण राहतो त्या जिल्ह्याचे. रोजच्या वापराला गडद हिरवा, निळा, करडा किंवा मातकट रंग बरा. रॉयल स्टुअर्टचा भडक लाल रंग सुंदर असतो, पण तो दुरूनही नजर ओढून घेतो, आणि पहिल्या किल्टकडून तेच नको असते.

जुना किल्ट घेत असाल तर तो उजेडासमोर धरून कसर लागल्याची भोके पाहावीत आणि चामड्याचे पट्टे वाकवून चिरा तपासाव्यात. पट्टे बदलता येतात, बक्कलही थोडे सरकवता येते, पण लांबी वाढवणे जवळजवळ अशक्य असते.

२. कपडे चढवण्याचा क्रम

किल्ट आधी बांधून मग बूट घालायला वाकले, की निऱ्या चुरगळतात, कंबरेची पट्टी पोटात रुतते आणि शर्ट बाहेर निघतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आतले कपडे, शर्ट, मोजे, बूट, त्यानंतर किल्ट, मग पट्टा, स्पोरन आणि शेवटी वरचा कोट किंवा स्वेटर. आत चड्डी घालावी. बाजारात, बसमध्ये आणि कड्याकपारीत फिरताना त्यावर दुसरा विचार करण्याचे कारण नाही.

इशारा: नव्या किल्टच्या निऱ्या जागेवर राहाव्यात म्हणून त्यांवर लांब टाक्यांचे कच्चे धावदोरे घातलेले असतात. हे दोरे बहुतेक वेळा पांढरे असतात आणि खालच्या कडेजवळ आडवे जातात. घालण्यापूर्वी ते उसवून काढायचे असतात. अनेकजण ती शिलाई समजून तसेच बाहेर पडतात, त्यामुळे चालताना निऱ्या उघडत नाहीत आणि पाऊल अडखळते. मात्र निऱ्यांच्या वरच्या भागातली, कंबरेपासून नितंबांपर्यंत गेलेली बारीक शिलाई पक्की असते. तिला हात लावू नये.

३. किल्ट बांधणे

किल्ट पाठीमागे धरून निऱ्यांचा मध्य पाठीच्या कण्यावर आणावा. आतला सपाट पदर उजवीकडून डावीकडे पोटावर घ्यावा, त्याचा चामडी पट्टा डाव्या कुशीवरच्या फटीतून बाहेर काढून तिथल्या बक्कलात अडकवावा. मग बाहेरचा पदर डावीकडून उजवीकडे आणून उजव्या कुशीवर वरचे बक्कल लावावे. पुरुषाच्या किल्टची मोकळी झालरदार कड नेहमी त्याच्या उजव्या बाजूला येते. उजवीकडे खाली आणखी एक बक्कल असेल तर ते सैल ठेवावे. त्याचे काम पदर जागेवर धरण्याचे आहे, आणि ते ताणले की पुढचा भाग तिरका ओढला जातो.

कंबरेवरचा ताण असा असावा की दोन बोटे आत जातील, पण उड्या मारल्या तरी किल्ट घसरणार नाही. इथे ढिलाई राहिली तर दिवसभर तो वर ओढत बसावे लागते.

किल्ट पिन फक्त बाहेरच्या पदराला, उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ लावावी. ती दोन्ही पदरांतून आरपार टोचली, तर बसताना कापड फाटते. साध्या वापरात पिन लावली नाही तरी काही बिघडत नाही.

पडताळणी: आरशासमोर पुढून, बाजूने आणि मागून पाहावे. पुढच्या पदरावरची टार्टनची मधली उभी पट्टी बेंबीच्या रेषेत असावी, खालची कड चहूबाजूंनी एका पातळीत असावी, आणि निऱ्या पुढच्या बाजूला आलेल्या नसाव्यात. मागची बाजू कोणी बघत नाही असे समजून बरेचजण हे वगळतात, आणि नेमकी मागचीच कड खाली लोंबत असते.

४. पाय: मोजे आणि बूट

किल्ट औपचारिक दिसतो की साधा, हे गुडघ्याखाली ठरते, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

पांढरे किंवा मलईरंगी मोजे बाजूला ठेवावेत. त्यांच्याकडे पाहताक्षणी लग्न आठवते. त्याऐवजी कोळशासारखा करडा, बाटलीहिरवा, तपकिरी किंवा निळसर लोकरीचा मोजा घ्यावा, आणि त्याचा रंग टार्टनमधल्या एखाद्या मंद रंगाशी जुळणारा असावा. मोजा वर ओढून दुमडायचा असेल तर दुमडीची वरची कड गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर यावी. तो वाटीला भिडला तर पाय आखूड दिसतात, आणि पोटरीच्या मध्यावर थांबला तर शाळेच्या गणवेशासारखे दिसते. मोजा धरून ठेवणारे इलॅस्टिक आणि त्याला लावलेल्या रंगीत फिती, म्हणजे फ्लॅशेस, दुमडीखालून बाहेरच्या बाजूला थोड्या दिसाव्यात. अगदी साध्या दिवशी त्या लावू नयेत. जाड मोजे घोट्यापर्यंत खाली सरकवून वर मजबूत बूट घालणे ही स्कॉटलंडमध्ये रुळलेली रीत आहे, आणि फुटबॉल सामन्याला जाणारे स्कॉटलंड संघाचे चाहते, म्हणजे ‘टार्टन आर्मी’, तशाच वेशात दिसतात.

गिली ब्रोग समारंभासाठी राखून ठेवावेत. रोजच्यासाठी तपकिरी किंवा काळे चामडी बूट, घोट्याच्या वर येणारे असतील तर उत्तमच. पळण्याचे पांढरे बूट मला पटत नाहीत: किल्टचे लोकरी कापड जड असते आणि त्याखाली हलका, चकचकीत बूट पाय तोडल्यासारखा दाखवतो.

इशारा: मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीअन डू, साध्या वापरात घरीच ठेवावा. स्कॉटलंडच्या कायद्यात सार्वजनिक ठिकाणी पातेदार वस्तू बाळगण्याला मनाई आहे, आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग असणे हा तिथे बचाव म्हणून मान्य आहे. हुडी आणि बुटांसोबत बाजारात फिरताना तो मुद्दा कोणाला पटवून देण्याची वेळ स्वतःवर आणू नये. विमानप्रवासात तो सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेतच ठेवावा.

५. स्पोरन आणि पट्टा

किल्टला खिसे नसतात, म्हणून स्पोरन हवाच. तो साध्या चामड्याचा, फर नसलेला आणि शक्यतो चामडी पट्ट्यावर अडकवलेला असावा. कंबरेच्या पट्ट्याच्या बक्कलाखाली चार बोटे अंतर सोडून तो लोंबला पाहिजे. फार खाली सोडला तर चालताना मांड्यांवर आपटतो, फार वर घेतला तर पोटाला चिकटतो. त्यात फोन, चाव्या आणि कार्ड एवढेच भरावे. फुगलेला स्पोरन पुढचा पदर ओढतो.

किल्टचा रुंद पट्टा घालायचा असेल तर बक्कल साधे निवडावे. वर जाकीट म्हणजे वेस्टकोट घातला असेल तर पट्टा घालू नये, कारण त्याखाली बक्कलाचा फुगवटा दिसतो.

६. वरचे कपडे आणि जीन्सची कसोटी

किल्ट उंच बांधला जात असल्यामुळे वरचे वस्त्र आखूड असणे गरजेचे आहे. सुटाचा नेहमीचा कोट स्पोरन झाकतो आणि किल्टचा घेर वर उचलल्यासारखा दाखवतो. किल्टसाठी शिवलेले कोट याच कारणाने आखूड असतात, आणि त्यांतला ट्वीडचा दिवसा घालायचा कोट तेवढा साध्या वापरात खपतो. त्याचीही घाई नको. आधी बाह्या दुमडलेला सुती शर्ट, कमरेशी संपणारा लोकरी स्वेटर, रग्बीचा जर्सी किंवा साधा टी-शर्ट वापरून पाहावा. शर्ट आत खोचावा. टाय आणि बो टाय नको.

यानंतर एक कसोटी लावावी, आणि माझ्या मते या लेखातली हीच सर्वांत उपयोगाची आहे. किल्ट, स्पोरन आणि मोजे वगळून अंगावर जे उरते त्यासोबत जीन्स घातली आहे अशी कल्पना करावी, आणि विचारावे की या वेशात मी आज जिथे निघालो आहे तिथे सहज गेलो असतो का. उत्तर ‘हो’ आले तर पोशाख योग्य आहे. ‘जीन्सवर हा कोट, हा टाय आणि हे चकाकते बूट रविवारच्या भाजीबाजारात कोण घालेल’ असे वाटले, तर जे खटकले तेच बदलावे. किल्टला हात लावू नये. ही कसोटी उलट दिशेनेही कामी येते: मळका टी-शर्ट आणि फाटकी हुडी जीन्सवरही बरी दिसत नसेल, तर किल्टवर ती अधिकच वाईट दिसेल, कारण किल्टचे शिवणकाम नीटस असते आणि बाजूचा गबाळेपणा लगेच उठून दिसतो.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला किल्ट घालण्याची अनेकांना इच्छा असते आणि ती चांगली आहे, पण त्यावर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालू नये, कारण तो किल्ट पूर्ण झाकतो. बंद गळ्याचे आखूड जाकीट किंवा साधा शर्ट जास्त शोभतो. पूजेला बसायचे असेल तर स्पोरन आणि पट्टा चामड्याचे आहेत हे आधीच लक्षात घेऊन ते काढून ठेवावेत. किल्टमध्ये मांडी घालून बसणे टाळावे. वज्रासनात, टाचांवर बसले की निऱ्या मागे नीट पसरतात आणि अंग झाकलेले राहते. गुडघे साथ देत नसतील तर खुर्ची मागून घ्यावी.

७. घरात सराव

बाहेर पडण्याआधी एक संध्याकाळ किल्ट घालून घरातली कामे करावीत. स्वयंपाक, जिना, सोफा, गाडीत बसणे आणि उतरणे हे सारे एकदा करून पाहावे.

बसण्याची पद्धत अशी: खुर्चीकडे पाठ करून उभे राहावे, दोन्ही हातांच्या पाठीने निऱ्या नितंबांवरून खाली सपाट करत न्याव्यात आणि त्याच हालचालीत बसावे. बसल्यावर पुढचा पदर मांड्यांमध्ये थोडा दाबावा, स्पोरन त्यावर आपोआप टेकतो. गुडघे एकमेकांच्या जवळ ठेवावेत. गाडीत शिरताना आधी आडवे बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. खाली पडलेली वस्तू कंबरेतून वाकून न उचलता गुडघ्यांत वाकून उचलावी.

पडताळणी: मऊ, खोल सोफ्यावर बसून समोर फोनचा कॅमेरा ठेवावा आणि आपण कसे दिसतो ते पाहावे. कपडे कितीही नीट निवडले, तरी बसण्याची खात्री नसेल तर बाहेर मन त्यातच अडकून राहते.

८. पहिल्यांदा कुठे जावे

इथला क्रम लोक हमखास उलटा करतात. पहिल्याच वेळी ऑफिसला किंवा परगावच्या हॉटेलात किल्ट घालून जातात, जिथे दुसऱ्या कोणाच्याही अंगावर तो नसतो. त्याऐवजी जिथे साधा किल्ट सर्रास दिसतो तिथून सुरुवात करावी. एडिंबरातल्या मरेफिल्ड मैदानावर स्कॉटलंडचा रग्बी सामना असेल तो दिवस याला सर्वांत चांगला: शहरभर माणसे जर्सी, बूट आणि किल्टमध्ये फिरत असतात. उन्हाळ्यातले हायलँड गेम्स, म्हणजे पारंपरिक स्कॉटिश खेळांचे मेळावे, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी होणारे ब्रेमारचे संमेलन आणि ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर भरणारी पाइप बँडची जागतिक स्पर्धा हीही तशीच ठिकाणे आहेत. तिथे इतरांचे मोजे, बूट आणि स्पोरन बारकाईने पाहून घ्यावेत.

त्यानंतर नेहमीचा पब किंवा शेजारची टेकडी, मग रविवारचा बाजार, आणि ऑफिस सर्वांत शेवटी. प्रत्येक ठिकाणी किमान दोन तास थांबावे. सुरुवातीचा अवघडलेपणा बहुधा थोड्या वेळाने उतरतो, आणि त्याआधीच घरी परतणाऱ्याला तो उतरल्याचे कधी कळतच नाही. शक्य असेल तर सोबत एखादा मित्र घ्यावा, पण त्यालाही किल्ट घालायला लावू नये. दोघे सारख्या वेशात निघाले की समारंभ असल्यासारखे दिसते.

लोक विचारतील. ‘आज काही खास?’ या प्रश्नाला ‘नाही, आवडतो म्हणून घातला’ एवढे उत्तर पुरते. आत काय घातले आहे हा प्रश्नही येईल. त्याला हसून ‘बूट आणि मोजे’ म्हणून पुढे जावे. रंगावरून किंवा नावावरून ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले गेले, तर आपले शहर सांगावे, मग ते लीथ असो वा सांगली, आणि लांबलचक खुलासा देऊ नये. किल्ट घातल्याचे समर्थन करू लागलो, की आपल्यालाच तो परका वाटू लागतो.

इशारा: कोणी किल्ट उचलण्याचा किंवा खालून फोटो काढण्याचा प्रयत्न केला, तर ती थट्टा म्हणून सोडून देऊ नये. अशा रीतीने चोरून फोटो काढणे स्कॉटलंडमध्ये २०१० पासून गुन्हा आहे. स्पष्ट आवाजात थांबवावे आणि गरज पडल्यास तिथल्या कर्मचाऱ्यांना बोलवावे.

९. परत आल्यावर

किल्ट लगेच कपाटात कोंडू नये. कंबरेच्या पट्टीला क्लिपा लावून तो रात्रभर हवेशीर जागी टांगावा, म्हणजे लोकरीतला ओलावा आणि बसल्याच्या सुरकुत्या निघून जातात. मशीनमध्ये धुवू नये. डाग ओल्या फडक्याने टिपावा आणि ड्रायक्लीनिंगला क्वचितच द्यावे. इस्त्री करायची असेल तर आधी निऱ्यांवर कच्चे धावदोरे घालावेत, वर ओले फडके ठेवून वाफ द्यावी आणि इस्त्री घासण्याऐवजी दाबून उचलावी. प्रवासाला नेताना निऱ्या सरळ ठेवून किल्ट लांबीच्या दिशेने गुंडाळावा आणि जुन्या नायलॉन मोज्याचा कापलेला नळा त्यावर चढवावा. उन्हाळाभर वापर होणार नसेल तर ठेवण्यापूर्वी ब्रशने साफ करून कापडी पिशवीत, देवदाराच्या लाकडाच्या तुकड्यांसह ठेवावा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झटकावा, कारण लोकरीला कसर लागते ती अशाच न वापरलेल्या किल्टला.